पोहरागडचे नंगारा भवन : पूर्वपीठिका आणि इतिहास

संस्थेचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा पायाभरणीच्या दगडापासून आरंभ करतो, त्या दगडावर कोरलेली तिथी व नावे उतरवून घेतो आणि मग ठराव, देणग्या, बांधकाम, उद्घाटन अशा क्रमाने आपला मजकूर पुढे नेतो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ऊर्फ पोहरागड येथे नंगाऱ्याच्या, म्हणजे नगाऱ्याच्या, आकारात उभ्या राहिलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाची हकीकत मात्र या रीतीने सांगता येत नाही. कारण ज्या समाजाची ही वास्तू आहे त्या समाजाने कित्येक शतके दगडाचा पाया घातलाच नव्हता, मुक्कामाच्या जागी बैलांच्या पाठीवरून उतरवून रचलेल्या गोण्यांची थप्पी हीच त्याची भिंत होती, आणि सकाळी तांडा हलला म्हणजे मागे विझलेली चूल व खुरांनी तुडवलेली माती एवढीच काय ती निशाणी उरत असे. अशा समाजाने आपल्या पूर्वजांची स्मृती ठेवली कोठे, आणि ती इतकी वर्षे शाबूत राहिली कशी, हा या इतिहासातील पहिला प्रश्न आहे. म्हणून इमारतीच्या दारापाशी येण्यापूर्वी वाचकाला थोडे मागे, रस्त्यावर, घेऊन जाणे प्रस्तुत लेखकाला प्राप्त आहे.

जुन्या दप्तरांत वऱ्हाडचे दोन भाग मानलेले आढळतात. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळ्या जमिनीचा पयानघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील उंच पठाराचा बालाघाट. वाशीम या बालाघाटात मोडते. वत्सगुल्म या नावाने हे नगर वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, आणि अजिंठ्याच्या काही अप्रतिम लेण्यांचा काळ त्याच शाखेतील हरिषेण राजाचा काळ होय. पुढे इंग्रजी अमदानीत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ साली तो मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. जिल्ह्यांच्या हद्दी अशा होत-मोडत होत्या. बंजाऱ्यांच्या लेखी त्यांना फारसा अर्थ नव्हता. त्यांना ठाऊक होते ते घाट कोठे उतरतो, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी राहते, आणि कोणत्या माळावर हजारो बैलांना पुरेल एवढे गवत असते हे. अरुणावती आणि अडाण या नद्यांच्या आसपासचा हा उंचसखल, पळसाचा आणि सागाचा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता.

हा समाज आपले मूळ मारवाडच्या वाळवंटात सांगतो. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही कुळनावे, मराठी, तेलुगू व कन्नड अशा तीन भाषांच्या मुलखांत विखुरूनही ओळखीची राहिलेली गोरबोली ही बंजाऱ्यांची भाषा, आणि स्त्रियांच्या अंगावरील आरशांचा वेष ही त्या कथनाची साक्ष होय. लवणाचा, म्हणजे मिठाचा, व्यापार करणारे म्हणून लमाण, अशी नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. मीठ आणि धान्य बैलांवर लादून समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत व तेथून उत्तरेपर्यंत नेणारी ही माणसे सैन्याचीही रसद पोचवीत. सतराव्या शतकात शहाजहानचा वजीर आसफखान दक्षिणेच्या मोहिमेवर आला तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर जंगी आणि भंगी या दोन राठोड नायकांचे १,८०,००० व वडत्या कुळातील भगवानदासाचे ५२,००० बैल होते, अशी परंपरा आहे. या सेवेबद्दल वजिराने नायकांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला आणि त्यात वाटेवरच्या गावातील रांजणाचे पाणी व छपराचे गवत घेण्याची मुभा लिहून दिली, असेही सांगतात. सनदेत जमीन नाही, वतन नाही, पाणी आणि गवत आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चालणाऱ्या माणसाला जे हवे होते ते त्याने मागून घेतले. १८०३ साली आर्थर वेलस्ली वऱ्हाडात आडगावच्या लढाईला व गाविलगडच्या वेढ्याला आला तेव्हा त्याच्याही पत्रव्यवहारात बंजाऱ्यांच्या धान्याची चिंता वारंवार डोकावते.

तांड्याच्या जुन्या रीतींपैकी एक येथे थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. तांड्यात एक बैल बालाजीला वाहिलेला असे. त्याच्या पाठीवर कधी ओझे लादीत नसत. तांबड्या रेशमाचे गोंडे, पितळेच्या साखळ्या, घुंगरे आणि कवड्यांच्या माळा यांनी शृंगारलेला तो बैल तांड्याच्या अग्रभागी आपल्या चालीने चालत असे, आणि दमून ज्या ठिकाणी तो बसे तेथे त्या दिवसाचा मुक्काम पडे. संकट आले तर त्याच्या पायाशी नवस बोलत, आजारीपणात त्याचीच पूजा करीत. वाशीमकराला या हकीकतीत विशेष आपलेपणा वाटेल, कारण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधलेले बालाजीचे देऊळ हे आमच्या गावाचे भूषण आहे. पण आपलेपणाहून मोठी गोष्ट अशी की, या रीतीत भूमीविषयीचा एक संपूर्ण विचार सामावलेला आहे. शेतकरी भूमी मोजतो, राजा ती जिंकतो. बंजारा मात्र एका मुक्या, ओझे न वाहणाऱ्या जनावराला भूमी निवडू देई आणि त्याने निवडलेली जागा एका रात्रीपुरती पवित्र मानी. भूमीवर मालकी न सांगता तिच्याशी नाते ठेवण्याची ही रीत जगात फार थोड्या लोकांना साधली आहे.

या आणि अशा अनेक रीतींची नोंद आज आपल्याला मिळते ती एका अनपेक्षित दप्तरातून. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज नावाच्या इंग्रज अंमलदाराने बंजाऱ्यांविषयी लिहिलेली टिपणे १८८२ साली पुस्तकरूपाने छापली गेली, आणि पुढे रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला तेव्हा बंजाऱ्यांवरील प्रकरण मुख्यतः त्याच टिपणांवर उभे केले. पोलिसांनी एखाद्या समाजाचा इतिहास का लिहावा, याचे उत्तर त्या काळात आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. मीठ, कापूस, धान्य सारे डब्यांतून जाऊ लागले आणि दोनअडीच शतके राज्यांना पोसणारा बैल एकाएकी निरुपयोगी ठरला. काम गेलेला आणि तरीही चालत राहिलेला माणूस सरकारला संशयित वाटू लागला. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली झाला आणि देशातील कितीतरी भटक्या समाजांवर त्याची काळी छाया पडली. बंजारेही तिच्यातून सुटले नाहीत. तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत जन्मतःच गुन्हेगार समजले जाण्याचे दुःख ज्यांनी सोसले त्यांच्या नातवंडांनी हे संग्रहालय पाहावयाचे आहे. कंबरलेजच्या टिपणांचा उपयोग आपण कृतज्ञतेने करावा. पण ती चौकशीच्या हेतूने लिहिलेली आहेत, आपल्या माणसाने आपल्या माणसांविषयी लिहिलेली नव्हेत, याचा विसर पडू नये. ती उणीव पहिल्यांदा भरून काढणाऱ्यांत बळीराम हिरामण पाटील यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. गोर बंजारा लोकांचा त्यांनी लिहिलेला मराठी इतिहास १९३६ साली प्रसिद्ध झाला.

आता पोहरागडाकडे वळू. संत सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा. पिता भीमा नायक, माता धर्मणी. तांड्याची गुरे राखणारा, आजन्म ब्रह्मचारी राहिलेला हा पुरुष गोर समाजाचा मार्गदर्शक झाला आणि सेवाभाया या प्रेमाच्या नावाने आजही घरोघर त्याचे स्मरण होते. त्याच्या कथा तांड्यातांड्यांत थोड्याफार फरकाने सांगितल्या जातात. देवी जगदंबेने त्याला आपला भगत होण्याविषयी गळ घातली, त्याने नाकारले, तांड्यावर संकटे कोसळली आणि अखेर देवी व भक्त यांचे सूत जमले, ही त्यांतील मुख्य कथा. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मनात घर करून राहिली आहे ती दुसरीच. रानात गुरे राखताना सेवाभायाने मातीचा शिरा केला, ही. ज्यांच्या नावावर मातीचा एक चतकोर तुकडा नव्हता त्या लोकांनी आपल्या संताचा पहिला चमत्कार मातीवरच घडवावा, हे त्या कथेचे मर्म आहे. परंपरेप्रमाणे सेवालाल महाराजांनी रुईगड येथे देह ठेवला आणि त्यांची समाधी पोहरागडी झाली. चालता चालता थांबलेला बैल जसा मुक्काम ठरवी, तसा या समाधीने एका संपूर्ण समाजाचा मुक्काम ठरविला. मारवाडातील पूर्वजांच्या वाटा पुसट झाल्या, पण पोहरागडची वाट पुसली गेली नाही. बंजाऱ्यांची काशी हे या गावाचे नाव त्या अर्थाने यथार्थ आहे.

स्मृती ठेवण्याचे दुसरे स्थान म्हणजे वस्त्र. तांड्यातील याडीचा, म्हणजे आईचा, जुना पोशाख जवळून पाहिला तर डोळे प्रथम दिपतात आणि मग हळूहळू त्यातील व्यवस्था दिसू लागते. खाली घेरदार फेटिया, अंगात पाठीमागे बंदांनी बांधावयाची काचळी, जिच्या पुढच्या अंगावर आरसे दाटीने बसविलेले, डोक्यावरून टुकरी, केसांत घुगरी आणि चोटला, दंडापर्यंत बलिया. पाण्याची घागर डोक्यावर घेण्यासाठी फुलिया, म्हणजे भरतकाम केलेली चुंबळ, आणि तिला जोडून मानेमागे लोंबणारा गणो, एक चौकोनी तुकडा, ज्याच्या कडेला कवड्या ओवलेल्या असतात. या गणोकडे एकदा नीट पाहावे. निळ्या किंवा तांबड्या जाड सुती कापडावर चौकटीत चौकट, तिच्यात पुन्हा चौकट, अशी पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या दोऱ्याची भरण असते. टाके इतके जवळ की खालचे कापड दिसत नाही आणि हाताला तो तुकडा गोधडीसारखा जड लागतो. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी कशिद्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे. तेथील स्त्रिया मकी, रेलो, गाद्री, कवडी अशी टाक्यांची नावे सांगतात, आणि ती नावे कोणत्याही पाठशाळेत शिकविलेली नाहीत, ती आईच्या मांडीपाशी बसून शिकलेली आहेत. कवडी समुद्रातली, आरसा वाळवंटाच्या उन्हाची आठवण देणारा, घुंगरे आणि गोंडे थेट त्या बालाजीच्या बैलाच्या गळ्यातल्यासारखे. बैल जसा शृंगारला जाई तशीच त्याच्या मागून चालणारी स्त्री शृंगारलेली असे, आणि अशा रीतीने जो रस्ता मागे पडत गेला तो तिच्या अंगावर साठत गेला.

येथे थोडे दूरदेशीचे उदाहरण घेणे अस्थानी होणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील वाळवंटात राहणारे तेथील मूळ लोक आपल्या पूर्वजांच्या प्रवासाच्या कथा वाळूवर बोटांनी काढीत, अंगावर रंगवीत आणि गात; कोणत्या टेकडीशी कोणता पूर्वज थांबला, कोणत्या झऱ्यातून कोण प्रकटला, हे सारे त्या ठिपक्यांत आणि वर्तुळांत असे, आणि कोणती कथा कोणी रंगवावी याचे नियम अतिशय कडक असत. १९७१ साली पापुन्या या वसाहतीत जेफ्री बार्डन नावाच्या शाळामास्तराच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगविली. दुसऱ्याच वर्षी पापुन्या तुला ही चित्रकारांची स्वतःची मंडळी स्थापन झाली आणि वाळूवरची चित्रे फळ्यांवर व कापडावर आली. पुढे १९९७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील वाळवंटी लोकांनी मिळून नुर्रारा हे सुमारे आठ मीटर रुंद व दहा मीटर लांब असे प्रचंड चित्र रंगविले आणि जमिनीच्या हक्काच्या चौकशीत ते पुरावा म्हणून पुढे पसरले. एकेक दावेदार त्या चित्रावरील आपल्या झऱ्याच्या जागी उभा राहून आपल्या बोलीत आपल्या भूमीविषयी बोलला. २००७ साली पाऊण लाख चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशावरील त्यांचा हक्क मान्य झाला. सातबाऱ्याचा उतारा नव्हता, चित्र होते. आणि ते चित्र म्हणजेच उतारा होय, हे अखेर कायद्याला मानावे लागले.

ही तुलना फार ताणू नये. त्या लोकांची भूमी जागच्या जागी राहिली, फक्त तिच्यावरचा त्यांचा ताबा गेला. बंजाऱ्यांनी मूळ वाळवंटच सोडले. ऑस्ट्रेलियातील त्या लोकांचे चित्र विशिष्ट टेकडीचे वा विशिष्ट झऱ्याचे असते. गणोवरची चौकट अशी एखाद्या ठिकाणाची खूण म्हणून वाचता येत नाही, आणि तिच्यात नसलेले गूढ अर्थ भरण्याचा मोह विद्वानांनी टाळलेला बरा. आमच्याकडे स्थळांची नावे वस्त्रात नसून गळ्यात असतात. होळीची लेंगी, लग्नात सासरी निघालेल्या मुलीचा ढावलो, श्रावणात टोपल्यांत गहू रुजवून कुमारिकांनी गायिलेली तीजेची गाणी, आणि कुळांच्या पिढ्या मुखोद्गत असलेले ढाडी, हे मिळून या समाजाचे दप्तर झालेले आहे. वस्त्र सांगते आपण कोण. गाणे सांगते आपण कोठून आलो. दोन्ही एकत्र ठेवले तरच साक्ष पुरी होते. एरवी आठवण दुसऱ्यांच्या जपणुकीवर अवलंबून राहते. दिल्लीच्या लखी शाह बंजाऱ्याने १६७५ साली गुरू तेगबहादुरांच्या देहाला अग्नी देण्यासाठी स्वतःचे घर पेटविले, ही गोष्ट शीख परंपरेने जपली म्हणून जगाला कळली. तांड्यांनी खोदलेल्या कित्येक विहिरी व तळी मात्र ज्याच्या त्याच्या गावाच्या नावावर पडली.

स्वातंत्र्यानंतर तांडे स्थिरावले. नायक, कारभारी आणि नसाब म्हणजे तांड्याची न्यायपंचायत ही व्यवस्था अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे, पण गोणीची जागा नांगराने घेतली. पुसद तालुक्यातील गहुली या गावी १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले आणि संकरित बियाण्यांच्या व शेतीच्या कामात त्यांनी आपले नाव कायमचे कोरले. भूमी नसलेल्या समाजातून राज्याला भूमीचा सर्वांत मोठा कैवारी मिळाला, याचा अभिमान वऱ्हाडाने अवश्य बाळगावा. या स्थिरावण्याची किंमतही पडली. बलिया जड म्हणून उतरल्या, फेटिया पेटीत गेला, शाळेतल्या मुलींनी साडी किंवा पंजाबी पोशाख धरला, आणि जुने गणो वस्तू जमविणाऱ्या व्यापाऱ्यांनी तांड्यांतून मिळेल त्या भावाने उचलले. घेणाऱ्याने तो कोणत्या तांड्यातून आला, कोणी शिवला, हे लिहून ठेवले नाही.

या पार्श्वभूमीवर पोहरागडी संग्रहालय असावे हा विचार पुढे आला, आणि त्याला संत रामराव महाराजांच्या दीर्घ धर्मकार्याचे बळ होते. सेवालाल महाराजांच्या परंपरेची धुरा त्यांनी अनेक दशके वाहिली. देशभरचे तांडे त्यांच्या शब्दाला मान देत. २०१८ च्या डिसेंबर महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते वास्तूचे भूमिपूजन झाले. काम चालू असतानाच २०२० च्या ऑक्टोबरअखेरीस रामराव महाराजांचे देहावसान झाले आणि पोहरागडी त्यांचीही समाधी झाली. उभी राहिलेली वास्तू पाहण्याचा योग त्यांना आला नाही, याची हळहळ येथील प्रत्येकाच्या मनात आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी प्रथम जगदंबा मातेचे दर्शन घेतले, सेवालाल महाराज व रामराव महाराज यांच्या समाध्यांना अभिवादन केले, तेथे स्वतः नंगारा वाजविला आणि मग संग्रहालयाचे उद्घाटन केले. चार मजल्यांच्या या वास्तूत तेरा दालने आहेत. समाजाच्या थोर पुरुषांची व चळवळींतील नेत्यांची चित्रे आणि तांड्याच्या जीवनरीतीच्या वस्तू त्यांत मांडल्या आहेत.

वास्तूला नंगाऱ्याचा आकार दिला हे फार योग्य झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. किल्ल्याचा बुरूज किंवा देवळाचे शिखर हा या समाजाचा आकार नव्हे. नंगारा हा बैलावर लादून नेता येणारा आणि वाजला म्हणजे विखुरलेल्यांना एकत्र बोलावणारा. परंतु आकार देऊन काम संपत नाही. येथे येणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या तांड्याचे नाव, शिवणारीचे नाव, टाक्याचे गोरबोलीतील नाव आणि ती वस्तू पहिल्यांदा कोणत्या लग्नात वा सणात अंगावर आली ते नोंदवहीत चढले पाहिजे. शक्य तेथे तिच्याबरोबरचे गाणे त्याच स्त्रीच्या आवाजात जतन झाले पाहिजे. दालनाच्या भिंतीवर तेलुगू, कन्नड आणि मराठी मुलखांतील तांड्यांचा एक नकाशा असावा, आणि त्यावर जिल्ह्यांच्या हद्दी नसाव्यात, घाट आणि पाणवठे असावेत. हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. ते करावयास आता फार वर्षे हातात नाहीत, कारण ढावलो पुरा येणाऱ्या याड्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत.

रामनवमीच्या यात्रेला पोहरागडचा माळ आजही भरतो. कर्नाटक, तेलंगण, आंध्र, मध्य प्रदेश येथून तांडे येतात. बैल नाहीत, टेम्पो आणि ट्रॅक्टर आहेत, पण समाधीवरचे पांढरे निशाण दृष्टीस पडले की चालक गाडी हळू करतो आणि मागे बसलेली म्हातारी माणसे हात जोडतात. जागा मिळेल तेथे सामान उतरते. तीन दगडांची चूल मांडली जाते, निखाऱ्यावर तुपाचा भोग लागतो, धूर सरळ वर चढतो आणि लहान मुले त्या धुराच्या वासाने गोळा होतात. कोणीतरी गाडीतून कापडात गुंडाळलेला नंगारा काढतो, त्याचे कातडे चुलीच्या शेकाशी धरून थोडे तापवतो, बोटाने टिचकी मारून आवाज पाहतो, आणि पुन्हा शेकास धरतो.